मंडईच्या रात्री वाजलेला आर्गन

प्रिय बाळ्या,

पोळ्यापासून तुझे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा मी "धानाच्या बांधीत आहो, रात्री करतो" म्हणून ठेवून दिले. त्यानंतर किती रात्री गेल्या ते मोजू नको. मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. इकडे सगळे बरे. माझी शुगर आहे तिथं आहे, हिची कंबर आहे तिथं आहे.

फोनवर हे सांगता येत नाही. तू मधेच हसतोस आणि मग मी मुद्दा सोडून तुझ्याशी भांडतो. आणि तुझी माय तुला विचारायच्या आधी हे तुझ्यापर्यंत पोचलं पाहिजे, म्हणून कागद घेतला.

मंडईच्या जत्रेत, रात्रीच्या नाटकाला आपला आर्गन वाजला.

आपला म्हणजे आपलाच. समाजमंदिराच्या खोलीतला, काकाजींचा. जो दुरुस्तीला नागपूरला गेला आहे असं आपण दोघं चार वर्षं मायला सांगत आलो, तो.

थांब, आधीचं सांगतो. यंदा दिवाळीचं गायगोधन झाल्यावर मंडई कोणत्या दिवशी धरायची यावरूनच दोन बैठका गेल्या. कारण तारीख आपण नाही, नाटक कंपन्यांचं गाव वडसा ठरवते. दिवाळीच्या आधीच चांगल्या नाटक मंडळ्यांच्या तारखा संपतात. मी आणि तुझा लाडका लंबू स्टेशनजवळच्या बोर्डांखालून हिंडलो, प्रत्येक दुकानात चहा प्यायलो आणि शेवटी तिसऱ्या पसंतीची कंपनी घेऊन आलो. किती पैसे मोजले ते लिहीत नाही, तुझी वर्गणी तुलाच कमी वाटेल. नाटकाच्या नावात कुंकू होतं, सून होती, आणि एक प्रश्नचिन्ह होतं. एवढं असलं की आपल्याकडं तिकीट खपते.

दिवसा बैलांचा पट झाला. तुला आठवते, २०१४ साली सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा मंडई कशी मेली होती? पाहुणे दिवसा पटासाठी यायचे आणि रात्री नाटक पाहून सकाळी जायचे. पट गेला तर दिवसाचे पाहुणेच गेले, नुसत्या नाटकासाठी कोण मुक्काम करते? डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, पण मधल्या सात वर्षांत अर्ध्या गावानं पटाचे बैल विकून टाकले होते. यंदा मात्र बऱ्याच जोड्या आल्या. घराघरात पाहुणे, वडे-सुवारीचा वास, आणि ओसरीत बसून पोरी दाखवायचे कार्यक्रम. आमच्या घरी अकरा माणसं झोपली होती, त्यातली तीन कोणाची हे मला अजून कळलं नाही.

ट्रॅक्टरनं माती काढून बसायला उतार केला, कनाती बांधल्या, स्टेजपुढं वादकांचा खड्डा खोदला. साडेदहाला कंपनीचं सामान उतरलं. मी गेटवर होतो, कारण मंडळाचा सेक्रेटरी म्हणजे ज्याला फुकट्यांशी भांडता येते तो. एका मोठ्या पाहुण्याच्या सात माणसांसाठी पुढच्या खुर्च्या सोडायला सांगत होते. मी सोडल्या नाहीत. नंतर सोडल्या.

नांदी सुरू झाली आणि माझ्या हातातलं तिकीटबुक तसंच राहिलं. आर्गन सगळ्याच कंपन्यांकडं असतो रे, आर्गनशिवाय आपल्याकडं पडदा उघडत नाही. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी एक सूर बाकीच्यांच्या मागून येत होता. उशिरा उठणाऱ्या पोरासारखा. काळी दोनची पट्टी.

तुला वेगळं सांगायला नको. नववीत तूच त्या पट्टीत चार आण्याचं नाणं सरकवलं होतंस, नाटकात राजपुत्राचं काम मला मिळालं म्हणून. नाणं काढताना शेजारच्या पांढरीचं वरचं पापुद्रं मी मोडलं हे खरं, पण सुरुवात तुझी. आणि थापड मी खाल्ली. काकाजींनी तुला का मारलं नाही याचं उत्तर तू मला अजून दिलं नाहीस. मग त्यांनी तुमच्या मोरीतली गुलाबी साबणदाणी कापली, घासून घासून त्या पट्टीवर बसवली, वरून पांढरा रंग मारला. काळी दोन मात्र तेव्हापासून ढिली ती ढिलीच.

दुसऱ्या अंकाच्या आधी लावणी झाली. सगळी पोट्टी स्टेजकडं तोंड करून उभी होती, वादक चहाला उठले होते. मी खड्ड्यात उतरलो. आर्गनला काळं पॉलिश मारलेलं, पुढं कंपनीचं नाव सोनेरी अक्षरात. मोबाईलच्या उजेडात पट्ट्या पाहिल्या. काळी दोनच्या शेजारची पांढरी, कडेनं रंग उडालेला, आतून गुलाबी.

"काय पाहता काका?" मागून आर्गनवाला. पंचविशीतला पोरगा, आरमोरीकडचा. काका म्हणाला मला! तुझ्या-माझ्या वयाच्या माणसाला कोणी काका म्हटलं की अंगातला राजपुत्र एकदम मरते. मी म्हटलं, काही नाही, जुना दिसते. तो म्हणाला, "पुरातला आहे काका. सूर सगळे बाहेर काढून घासले, भाता नवीन लावला. पण आवाज पहा." आणि माझ्यासमोर एक पलटा वाजवला. बाळ्या, काकाजींच्या शेवटच्या दहा वर्षांतही तो इतका चांगला वाजला नव्हता. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मला आनंद झाला, आणि मग आनंद झाला म्हणून वाईट वाटलं. हे तुला कळेल, दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणतील, सेक्रेटरीनं घेतली होती.

आता एक गोष्ट, जी तुलाही माहीत नाही.

३० ऑगस्ट २०२०. गोसेखुर्द धरणाची तेहतीसही दारं उघडली होती आणि वैनगंगा रात्रीतून गावात शिरली. मी मंडळात सांगितलं होतं की पोट्टी वेळेवर आली नाहीत, चौघांशिवाय आर्गन उचलत नाही, म्हणून राहून गेला. तुलाही तेच सांगितलं. खरं हे की पोट्टी आली होती. समाजमंदिरासमोर अर्धा तास भिजत उभी होती. किल्ली माझ्या खिशात होती आणि मी घरी खताची पोती आणि बियाण्याचा धान आटाळ्यावर चढवत होतो. पोचलो तेव्हा पायरीवर पाणी होतं आणि पोट्टी आपापल्या घरी पळाली होती. मी रजिस्टर काढलं, भिंतीवरचा काकाजींचा फोटो काढला आणि कुलूप लावलं. कुलूप! पाण्याला. दोन दिवस तो कमरेइतक्या पाण्यात उभा होता. काकाजी म्हणायचे ना, पेटी हवा फुंकते आणि आर्गन हवा आत ओढते, तो श्वास घेते. तर त्यानं दोन दिवस वैनगंगा ओढली.

बाकी तुला ठाऊकच आहे. त्या हंगामात कोरोनामुळं नाटकं नव्हती, मंडळाकडं पैसा नव्हता, वडस्याचा एक माणूस साडेतीन हजार म्हणाला. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, "जुने लाकडी सामान विक्री". तू फोनवर म्हणालास, मायला सांगू नको, दुरुस्तीला दिला म्हण. ही आयडिया तुझी होती, लेका, विसरू नको. त्या पैशात खोलीत पंखा आणि दोन ट्यूबलाइट लागल्या. आज तिथं सकाळी भरतीची तयारी करणारी पोट्टी अभ्यास करतात, दुपारी बचत गटाच्या बाया हिशोब करतात, सोमवारी भजन. खोली आपल्या वेळेपेक्षा जास्त चालते, हे कबूल केलं पाहिजे. फक्त तालीम होत नाही. २०१२ नंतर गावाचं स्वतःचं नाटक बसलंच नाही. पोरांना मी दोनदा विचारलं. म्हणाले, काका (पुन्हा काका!), दोन महिने पाठ करत बसण्यापेक्षा कंपनी आणलेली बरी. चुकीचं नाही म्हणत. २०२३ ला आपल्या झाडीपट्टीच्या नाटकातल्या परशुराम खुण्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तू रात्री अकराला फोन करून म्हणाला होतास, आपण सोडलं नसतं तर? मी म्हटलं होतं, तू सोडलं नसतं तर उपाशी मेला असता. तरी तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, तू विसरला असशील.

आता मुद्दा. माय बायांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसली होती, शाल पांघरून. मोतीबिंदू काढला तरी तिला स्टेजवरचं फारसं दिसत नाही, ती ऐकायलाच येते. तिसऱ्या अंकाच्या आधी मी तिला चहा द्यायला गेलो. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "बाबू, दुरुस्त होऊन आला का रे आपला आर्गन?"

मी काय म्हणायला पाहिजे होतं? हो म्हटलं तर उद्या खोलीत कुठं आहे विचारेल. विकला म्हटलं तर तिथंच, हजार माणसांत. मी म्हटलं, नाही माय, हा कंपनीचा आहे. सगळे आर्गन असेच वाजतात.

"असन बावा," म्हणाली. "पण तो एक सूर मांगूनच येते अजून."

आणि चहा प्यायला लागली. नाटक साडेचारला संपलं. खलनायक मेला, सून निर्दोष निघाली, प्रश्नचिन्हाचं उत्तर कोणालाच कळलं नाही. कंपनीची गाडी उजाडायच्या आत पुढच्या गावाला गेली.

सकाळी सातला तुझ्या भावाचा पोरगा पिशवी घेऊन आला. आत एक नारळ आणि एकावन्न रुपये. आजीनं सांगितलं, आर्गनवाल्याले दे म्हणून.

फक्त आर्गनवाल्याला. नटांना नाही, दिग्दर्शकाला नाही. म्हणजे तिला कळलं आहे की नाही? की तिला वाटते, परक्या पोरानं चांगलं वाजवलं, त्याचा मान करावा? काकाजी असताना ती प्रत्येक नाटकानंतर बाहेरच्या वादकाला नारळ द्यायचीच, ही गोष्ट खरी. दहा दिवस झाले, मी याच्यावर विचार करून राहिलो. कापलेल्या धानावर एक दिवस पाऊस पडला, पुंजणे झाकायला गेलो, तिथंही हाच विचार. ही म्हणते, सरळ जाऊन सांगा. हिला सोपं आहे, किल्ली हिच्या खिशात नव्हती.

पिशवी तशीच माझ्या कपाटावर आहे. कंपनीचा पत्ता माझ्याजवळ आहे, पुढच्या गुरुवारी त्यांचा आरमोरीजवळ प्रयोग आहे. मी नारळ घेऊन जाणार हे नक्की. मायला सोबत नेऊ का, हे तू सांग. लंबूची जीप आहे, पुढच्या सीटवर बसेल. वाटेत सगळं सांगून टाकीन, किल्लीचंसुद्धा. दुरुस्तीचं खोटं मात्र मी एकट्याच्या नावावर घेणार नाही, अर्धं तुझं आहे. तिनं तुला फोन केला तर नागपूरचं नाव परत काढू नको, एवढं ऐक.

बाकी तू कसा आहेस? फ्लॅटचा ताबा मिळाला का, की अजून बिल्डरच्या मागं हिंडून राहिला? पोरीला बारावीला किती पडले हे मला तुझ्या बायकोच्या स्टेटसवरून कळलं, तुझ्याकडून नाही, लक्षात ठेवतो. वहिनींना नमस्कार. नवा तांदूळ भरडून झाला की वीस किलो पाठवतो, लाखोळीची डाळ मागू नको, यंदा कमी पेरली.

उत्तर मोबाईलवर लिहू नको, तो दिवसभर पोट्ट्याच्या हातात असते. बुधवारी रात्री नऊनंतर फोन कर. उचलतो.

तुझा
सेक्रेटरी
(आणि राजपुत्र, कायमचा)