म्हाताऱ्याच्या घरातले औषध

कोल्हापूर,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत रंकाळ्याच्या कठड्यावर बसून व्हिडिओ गेमवरून आपला जो वाद झाला, तो भेळ संपल्यामुळे थांबला होता, मिटला नव्हता. "खेळात मेलेल्या माणसाचे सुतक कोण पाळतो?" असे तू म्हणालास आणि मी गप्प बसलो. मला उत्तरे घरी पोचल्यावर, चपला काढताना सुचतात, हे तुला शाळेपासून माहीत आहे. या वेळी तर तीन महिने लागले, आणि जे सुचले आहे त्याला उत्तर म्हणावे की कबुलीजबाब, याचीही मला खात्री नाही.

आधी तुझे म्हणणे नीट मांडतो, म्हणजे सोयीचे तेवढेच घेतले असा आरोप नको. पडद्यावरची माणसे माणसे नसतात, त्यांना दुखत नाही. गोष्ट दुसऱ्याने लिहिलेली असते, वाटाही त्यानेच आखलेल्या असतात, आपण फक्त बटण दाबतो. तेव्हा पाप असलेच तर ते लिहिणाऱ्याच्या खाती जमा व्हावे. बुद्धिबळात प्यादे मारले म्हणून कोणी हळहळत नाही. यातले जवळजवळ सगळे मला मान्य आहे. राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत तासाला २० रुपये मोजून 'व्हाइस सिटी'त आपण फूटपाथवरच्या माणसांवर गाडी घालत होतो आणि कॅफेचा मालक ओरडेपर्यंत हसत होतो, त्याचे मला आजही काही वाटत नाही. तिथे माणूस म्हणून कोणी नव्हतेच. उडून पडणाऱ्या बाहुल्या होत्या. माझी तक्रार त्या हसण्याबद्दल नाही.

तक्रार आहे ती पावले नावाच्या एका पात्राबद्दल. 'धिस वॉर ऑफ माइन' हा खेळ वॉर्सातल्या '११ बिट स्टुडिओज' या कंपनीने २०१४ साली काढला. बोस्नियातल्या सारायेवो शहराला १९९२ पासून १९९६ पर्यंत जो वेढा पडला होता, त्यावरून तो सुचलेला आहे. त्यात आपण सैनिक नसतो. पडक्या घरात आसरा घेतलेली तीन माणसे आपल्या हाती येतात. दिवसा खिडक्यांना फळ्या ठोकायच्या, शेगडी पेटवायची, रात्री एकाने बाहेर पडून जे मिळेल ते आणायचे. पावले हा त्यातला फुटबॉलपटू. पायाने चपळ, आपल्या पेठेतल्या एखाद्या फॉरवर्डसारखा, म्हणून मी त्यालाच बाहेर पाठवत असे. ब्रूनो नावाचा स्वयंपाकी आजारी पडला होता आणि घरात औषधाची एक गोळी नव्हती. त्या रात्री पावले ज्या घरात शिरला तिथे एक म्हातारा आणि त्याची बायको राहत होती. हत्यार नाही, दाराला अडसर नाही. म्हातारा मागे मागे येत विनवत राहिला, पण अंगावर आला नाही. येण्याची ताकदच नव्हती. मी एकेक कपाट उघडत गेलो.

आता यातला माझ्या लेखी महत्त्वाचा भाग. कपाट उघडायला जे दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात कारणे तयार होती. ब्रूनो मरेल. ही दोघे तशीही फार दिवस काढणार नाहीत. मी नेले नाही तर उद्या दुसरा कोणी नेईल, आणि तो कदाचित यांना मारूनही जाईल. यातले एकही कारण खेळाने मला पुरवले नव्हते. खेळ गप्प होता. घर त्यांनी बांधले, म्हातारा त्यांनी लिहिला, औषधही त्यांनीच ठेवले, हे कबूल. सबब मात्र माझ्या घरची होती, आणि ती इतक्या सहज हाताशी आली की कुठेतरी आधीपासून करून ठेवलेली असावी. भाचा शेजारी बसून बघत होता. मी क्षणभर थांबलो तसा तो म्हणाला, "घे की मामा. म्हातारी माणसं, काय करणार हाईत औषधाचं?" त्याला बोलायला तोंड उघडले आणि लक्षात आले, की माझ्या मनातले दुसरे कारण त्याने फक्त मोठ्याने म्हटले होते.

गुण वजा झाले नाहीत, लाल अक्षरे उमटली नाहीत. दुसऱ्या दिवशी पावले खिन्न होऊन बसला आणि घरातली बाकीची माणसे त्या रात्रीविषयी बोलू लागली, एवढेच. पोलंडच्या सरकारने २०२० मध्ये शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत हा खेळ घेण्याचे जाहीर केले तेव्हा मला नवल वाटले होते. आता वाटत नाही.

मी पुढे काय केले तेही सांगतो. तो डाव सोडला, पहिल्या दिवसापासून नवा डाव मांडला आणि या खेपेला तसल्या घराकडे फिरकलोच नाही. म्हणजे चोरीचा पुरावाच पुसला. त्यावर तू म्हणशील, हीच तर खेळाची गंमत आहे, चुकले की पाटी कोरी. टोबी फॉक्सच्या २०१५ सालच्या 'अंडरटेल'ने नेमके याच सवयीला पकडले आहे. त्या खेळात एकालाही न मारता शेवट गाठता येतो. सुरुवातीलाच टोरिएल नावाची आईसारखी सांभाळणारी एक बाई वाट अडवते. बहुतेक जण पहिल्या खेपेस तिला मारून बसतात, कारण लढाई आली की मारायचे हे हाताला शिकवलेले असते. मग हळहळ वाटून ते मागची सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला डाव, उघडतात आणि तिला सोडून देतात. थोडे पुढे गेल्यावर फ्लॉवी नावाचे एक कुत्सित फूल त्यांना ऐकवते, की तू तिला मारलेस आणि पस्तावून मागे आलास, ते मला ठाऊक आहे. मी हा प्रसंग खेळलो तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी खरोखर मागे वळून पाहिले होते. हसू नकोस.

याच्या उलट जे खेळ पापपुण्याचा आकडा दाखवतात, त्यांच्यात मला कधी अपराधी वाटलेच नाही. 'फॉलआउट ३' (२००८) मध्ये बॉम्ब उडवून एक अख्खे गाव बेचिराख करता येते, कर्म खाली घसरते, आणि मग तहानलेल्या भिकाऱ्याला शुद्ध पाण्याच्या बाटल्या देत गेले की ते पुन्हा वर चढते. पंचगंगेच्या घाटावर डुबकी मारून वर आल्यासारखे. आकडा समोर दिसला की माणूस आकड्याशी खेळतो, समोरच्या भिकाऱ्याशी नाही. आपल्याकडे धर्मराजाचा रथ होताच की! जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा तो रथ म्हणजे सगळ्यांना दिसणारा काटाच होता, आणि 'नरो वा कुंजरो वा' म्हटल्याबरोबर तो खाली टेकला. फरक इतकाच, की धर्मराजाला तो रथ पुन्हा वर चढवायला पाण्याच्या बाटल्या कोणी दिल्या नाहीत.

रिचर्ड गॅरियटच्या 'अल्टिमा ४' या १९८५ सालच्या जुन्या खेळात याहून शहाणी युक्ती आहे. मंत्रासाठी लागणारी द्रव्ये विकणारी बाई आंधळी असते. पैसे आपणच मोजून तिच्या हातावर ठेवायचे. कमी ठेवले तरी ती माल देते आणि त्या वेळी खेळ चकार शब्द काढत नाही. पण आत कुठेतरी सचोटीच्या हिशेबात ते मांडलेले असते आणि फार पुढे गेल्यावर अंगाशी येते. दुकानात कोणी बघत नसताना गल्ल्यात किती टाकलेस, एवढाच प्रश्न, आणि तोही चाळीस वर्षांपूर्वी.

'स्पेक ऑप्स: द लाइन'वरून तू फार चिडला होतास, आणि तिथे मी पूर्ण तुझ्या बाजूचा आहे. वाळूच्या वादळांनी गाडलेली दुबई, आपण ज्याच्या भूमिकेत असतो तो कॅप्टन वॉकर आणि माणसे जाळणाऱ्या पांढऱ्या फॉस्फरसचे ते तोफगोळे. पडद्यावर नुसते पांढरे ठिपके दिसतात, त्यांवर नेम धरायचा; काचेत वॉकरचा चेहरा उमटलेला असतो. मग धूर विरल्यावर त्यातूनच चालत जावे लागते आणि कळते, की ते ठिपके आसऱ्याला आलेले साधे लोक होते. दृश्य विसरता येत नाही, हे खरे. पण तोफ न वापरता पुढे जाण्याची वाटच बांधलेली नाही. कितीही वेळ बंदुकीने लढलो तरी समोरचे सैनिक संपत नाहीत. पुढचा भाग लोड होईपर्यंत जो पडदा दिसतो, त्यावर खेळ आपल्यालाच विचारतो, की आता तरी शूरवीर झाल्यासारखे वाटते का. पानावर बसवायचे, वाढायचे, आणि घास घेतला की खादाड म्हणायचे, असा हा प्रकार. त्यावर काही जण म्हणतात, खेळ बंद करण्याची वाट होतीच ना. हे म्हणणे मला कधी पटले नाही. पैसे मोजून घेतलेला खेळ बंद करणे हा खेळातला निर्णय नव्हे. तो वीजबिलाच्या बाजूचा निर्णय आहे. २०१२ साली आलेला हा खेळ २०२४ च्या सुरुवातीला परवान्यांची मुदत संपल्यामुळे ऑनलाइन दुकानांतून काढून टाकला गेला, त्यामुळे भाच्याला तो विकत घेऊन दाखवता आला नाही. याचे मला फारसे वाईट वाटले नाही.

आता जे लिहायचे मी तीन पाने टाळले ते लिहितो.

लुकास पोपचा 'पेपर्स, प्लीज' (२०१३) तू खेळला आहेस. १९८२ साल, आर्स्टोट्स्का नावाचा कल्पित देश, सीमेवरची खिडकी आणि खिडकीत आपण. प्रत्येकाचे कागद तपासायचे, शिक्का मारायचा, आणि त्या मजुरीतून घरातल्यांचे भाडे, जेवण नि शेगडी भागवायची. एक नवरा येतो, त्याचे कागद चोख असतात. तो सांगून जातो, की मागून माझी बायको येते आहे, तिच्याशी नीट वागा. बायकोकडे प्रवेशाचा परवाना नसतो. परत पाठवलेत तर मला मारून टाकतील, असे ती म्हणते. मी तिला आत सोडले आणि स्वतःवर खूश झालो. मग ध्यानात आले, की त्या खेळात दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद असते, दंड तिसरीपासून. त्या दिवशी माझी एकही ताकीद खर्च झाली नव्हती. पुढे एकदा दोन्ही संपल्यावर असाच एक अडलेला माणूस खिडकीत आला, आणि मी त्याची गोष्ट पुरती वाचलीसुद्धा नाही. लाल शिक्का मारला. माझ्या दयेला मर्यादा होती आणि ती बरोबर दोन होती.

ती लाल शाई पाहून मला ऑगस्ट २०१९ आठवला. तेव्हा मी इथल्याच एका पतसंस्थेत काउंटरवर होतो. धोक्याची पातळी ४३ फूट असलेली पंचगंगा ५५ फुटांच्या वर जाऊन ओसरू लागली होती आणि अर्ध्या गावात वीज नव्हती. शिरोळकडचा एक म्हातारा ठेवीतले पैसे काढायला आला होता. शर्टाच्या आत पोटाशी धरलेले पासबुक त्याने बाहेर काढले; पाने एकमेकांना चिकटली होती आणि शाई उतरून जांभळी झाली होती. त्याने एकेक पान फुंकर घालून सोडवले आणि काउंटरवर पसरले. स्लिपवरची सही नमुन्याशी जुळेना, हात कापत होता. मी म्हणालो, ओळखपत्राची झेरॉक्स जोडून आणा. वीज नसताना झेरॉक्स कुठे निघणार, हे त्यालाही माहीत होते आणि मलाही. "बरं साहेब," एवढेच बोलून त्याने पाने पुन्हा मिटली. मला त्या क्षणी काय वाटले होते ते स्वच्छ आठवते: नियम मी केलेला नाही. मी फक्त शिक्का मारतो.

कठड्यावर बसून तू जे म्हणालास ते शब्द जवळजवळ हेच होते, सुहास. म्हणून मी त्या दिवशी बोललो नाही. तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. खेळातल्या म्हाताऱ्याचे सुतक मी पाळत नाही, पाळू नये हेही मला मान्य. पण कपाट उघडताना आणि शिक्का मारताना जी सबब तोंडात आली ती एकच होती, आणि काउंटरवर ती मला ऐकू आली नव्हती. ती ऐकू यायला घरी, पायजम्यात बसून, लॅपटॉपवर खेळावे लागले. आता पावले माझ्या इशाऱ्यावर चालत होता की मी त्याच्या, याचा निकाल तू लाव. तुझ्यासारखा वकिली डोक्याचा मित्र असताना मी कशाला डोके शिणवू?

भाच्याने मागच्या आठवड्यात तोच खेळ स्वतः घेतला. त्यालाही म्हातारा-म्हातारीचे ते घर लागले. मी स्वयंपाकघरात चहा ओतत होतो आणि मुद्दाम बाहेर आलो नाही. थोड्या वेळाने तोच आत आला आणि न विचारता म्हणाला, "मामा, मी अर्धंच घेतलं. अर्धं ठेवलंय त्यांना." मी कप त्याच्या हातात दिला. अर्धे औषध त्या दोघांना किती दिवस पुरेल, हे विचारायचे जिभेवर आले होते, पण विचारले नाही.

मे महिन्यात येशील तेव्हा दोन दिवस जास्तीचे काढून ये. लॅपटॉप मी देईन, त्या घरापर्यंतचा डाव मांडून ठेवीन, आणि तू कपाटाकडे जाशील तेव्हा मी एक शब्दही बोलणार नाही. नंतर तांबड्या रश्शावर बसलो की मग बघू. काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
विनायक