मुलांच्या दातांची बिलं कुठे लावायची?

महोदय,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका शासकीय कार्यालयात आस्थापना शाखेत लिपिक आहे. वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांना उपचारांचा खर्च सरकारकडून परत मिळण्याच्या, फायली माझ्याच टेबलावरून पुढे जातात. डिस्चार्ज कार्ड नसलं की त्रुटीचा शेरा मारून फाईल परत करायची, हे काम मीच करतो. परवा शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, ‘‘मुलाच्या दाढेचं रूट कॅनल केलंय, बिल लावू का?’’ म्हटलं, कशाला झेरॉक्सचे पैसे घालवता!

आपले वैद्यकीय देखभालीचे नियम 1961 चे. खासगी रुग्णालयातल्या उपचारांसाठी 2005 च्या शासन निर्णयाने 27 आकस्मिक आणि 5 गंभीर आजारांची यादी दिली. हृदयविकाराचा झटका, मूत्रपिंड प्रतिरोपण यांना त्यात जागा आहे, ती असायलाच हवी. पण लहान मुलाची किडलेली दाढ कशात बसवणार? चष्म्यासाठी कोणी ॲडमिट होत नाही. माझ्या मुलीचा नंबर दरवर्षी वाढतो. काचा बदलाव्या लागतात आणि फ्रेम तर शाळेच्या मैदानावरच मोडते. हा खर्च एकदम लाखात जात नाही, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. चालढकल मात्र होते. पुढच्या पगारात बघू, दिवाळीनंतर बघू. एक डोळा आळशी असेल, म्हणजे चष्मा लावूनही त्याला नीट दिसत नसेल, तर सात-आठ वर्षांच्या आत उपचार झालेले बरे. नंतर फरक पडणं अवघड होत जातं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाड्यांत आणि सरकारी, अनुदानित शाळांत डोळे-दात तपासतं. माझी मुलगी विनाअनुदानित शाळेत. (हौस माझीच, तक्रार नाही.)

आम्ही फुकट मागत नाही. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना दात आणि डोळ्यांचा वेगळा विमा घेता येतो. त्यात 22 वर्षांखालची अविवाहित मुलंही येतात. हप्ता पूर्ण कर्मचाऱ्याचा, सरकारचा त्यात पैसा नाही. समूह म्हणून घेतल्याने दर मात्र आवाक्यात राहतो. आपल्याकडे 1982 पासून गट विम्याची वर्गणी पगारातून कापली जातेच. तशीच ऐच्छिक कपात अवलंबून असलेल्या मुलांच्या दात-डोळ्यांसाठी सुरू करायला काय हरकत आहे? पगारबिलात एक रकाना वाढेल. तो भरायचं काम माझ्यासारख्याकडेच येणार, तरी चालेल.

महागाई भत्त्याच्या निवेदनात कर्मचारी संघटनांनी ही मागणीही घालावी.

– एक लिपिक, सातारा