हरिपूरचं पेव

सांगली,
रविवार, सकाळी सात

चि. राजू,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून घाबरू नकोस, माझं सगळं बरं आहे. फोन करायचं दोनदा मनात आणलं. पण फोनवर आपलं "जेवलास का", "जेवलो", "पाऊस आहे का", "नाही" याच्या पुढं कधी काही गेलंय का? चाळीस वर्षं मार्केट यार्डात दिवाणजी म्हणून खतावण्या लिहिल्या. नीट सांगायचं असलं की मला कागदच लागतो.

दिवाळीत पाडव्याच्या दुपारी मी जेवता जेवता उठून गच्चीत गेलो. तुम्हाला वाटलं, मळमळलं असेल. तुझी आई मागोमाग लिंबू घेऊन आली. मळमळलं नव्हतं. का उठलो ते पुढं सांगतो. त्याआधी तू जे विचारलंस आणि मी हसण्यावारी नेलं, त्याचं उत्तर देतो. तू म्हणालास, "बाबा, ऑपरेशनला चौदा महिने झाले, अजून एवढंसंच जेवता? नॉर्मल कधी होणार?"

हेच नॉर्मल, बाळा. यापुढं असंच.

तू लहान असताना तुला हरिपुरात हळदीची पेवं दाखवली होती, आठवतं? जमिनीत खोल खड्डा. वर तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट हे एवढं. पोती रिकामी करत राहावं, पेव गिळत राहतं. यार्डात माझं नावच ते पडलं होतं, 'हरिपूरचं पेव'. लग्नाच्या पंगतीत पैजा लागायच्या माझ्यावर, आणि मी जिंकायचो. १२८ किलो होईपर्यंत जिंकतच होतो. मग इन्सुलिन आलं, रात्री श्वासासाठी नाकावर ते मशीन आलं, आणि आयर्विन पूल अर्धा ओलांडायच्या आधीच मी कठड्याला टेकायला लागलो.

मिरजेच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पोटाचा पाऊणएक भाग काढला. राहिली ती केळ्याएवढी उभी नळी. काढलेल्या भागातच भुकेचा एक रस जास्त तयार होतो, घ्रेलिन म्हणतात त्याला. तो कमी झाला, म्हणून पहिले काही महिने मला भूक लागेचना. साठ वर्षांत पहिल्यांदा मी घड्याळ बघून जेवलो. डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, ही मोकळीक कायमची धरू नका, भूक थोडीफार परत येते. आली. वर्ष होता होता आली.

पहिले पंधरा दिवस नुसतं पातळ. ताकाची निवळ, डाळीचं वरचं पाणी, गाळलेलं सूप, दुधात प्रोटीनची पावडर. तेही घोट घोट, तासाला अर्धा कप. मग पंधरा दिवस सगळं मिक्सरमधून. तुझ्या आईनं वरण-भातसुद्धा मिक्सरला लावला आणि लावताना रडली. मग मऊ खिचडी, मोडलेलं अंडं, कुस्करलेलं पनीर. भाकरी दोन महिन्यांनी, तीही आमटीत भिजवून. चपातीशी माझं अजून जमत नाही. वातड चपाती नि ताजा पाव आत जाऊन गोळा होतात.

आता मी कशात जेवतो ते तू पाहिलंस, पण काही बोलला नाहीस. ती तुझ्या उष्टावणाची चांदीची वाटी. स्टीलच्या वाट्या सगळ्या मोठ्या निघाल्या आणि मोठ्या वाटीत माझा हात काही थांबेना. मग तुझ्या आईनं कपाटातून ही काढली. कडेला पोचा असलेली. मी खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजली. दहा मिलीची दहा झाकणं, वाटी काठोकाठ. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात बसत होती. चमचाही तुझाच.

जेवायची पद्धत अशी. आधी प्रोटीन, म्हणजे अंडं, पनीर, मटकी नाहीतर आपला अख्खा मसूर. दिवसाला साठ ग्रॅमच्या खाली जायचं नाही. मग भाजी. जागा उरली तर भाकरीचा चतकोर, आणि बहुतेक उरत नाहीच. एकेक घास पंचवीस-तीसदा चावायचा. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. हे पाण्याचं मला सगळ्यात जड गेलं. ठसका लागला की हात आपसूक तांब्याकडं जायचा, म्हणून तुझ्या आईनं तांब्याच उचलून फ्रिजवर ठेवला. गोळ्या जन्मभराच्या आहेत. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, कॅल्शियम, लोह. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मधे दोन तास सोडायचे. कॅलेंडरवर रोज टिकमार्क करतो, खतावणी सुटली तरी सवय सुटत नाही. चौथ्या महिन्यात केस मुठीनं गळायला लागले तेव्हा घाबरलो होतो. डॉक्टर म्हणाले, वजन झपाट्यानं उतरलं की होतं असं, परत येतील. आले बऱ्यापैकी.

लोकांचं काय सांगू. यार्डात पहिल्यांदा गेलो तर एका जुन्या व्यापाऱ्यानं बाजूला घेऊन हळूच विचारलं, "दिवाणजी, मोठं दुखणं आहे का काही?" ऑपरेशन सांगितल्यावर तोच म्हणाला, "मग सोपं केलंत की." सोपं! चहा कटिंगचाही अर्धा उरतो, ते एक सोपं झालं.

खरी गोष्ट ही की आता पोट भरल्याचं मला कळतं. पूर्वी ढेकर यायची तीही तिसऱ्या वाढपानंतर. आता उचकी येते. एकच. सातव्या-आठव्या घासानंतर, कधी पाचव्यालाच. कधी उचकीऐवजी नाकातून पाणी येतं. ती उचकी म्हणजे फाटक बंद. त्यानंतर एक घास जरी घेतला तरी छातीच्या मधोमध दगड बसतो, तोंडाला फेसासारखी लाळ सुटते आणि उठून बेसिन गाठावं लागतं. बुधगावच्या वास्तुशांतीला असंच झालं. आत्यानं "माझ्या हातचा एक" म्हणून पुरणपोळीचा तुकडा तोंडातच घातला. उचकी येऊन गेली होती. नाही म्हणायला तोंड मोकळं नव्हतं. पुढं काय झालं ते तुला आत्यानं सांगितलंच असेल, तिनं सगळ्या गावाला सांगितलंय.

पण ही उचकी भडंगाला येत नाही. हे मी कोणाला बोललेलो नाही, डॉक्टरांनाच काय ते कबूल केलं. भडंग कुरकुरीत, तोंडात विरघळतं, नळीतून सरळ खाली. मूठभरानं काही होत नाही, मग दुसरी मूठ. टीव्हीपुढं दोन तासांत अख्खं पाकीट संपवायचो मी. शेव, बिस्किट, आईस्क्रीम, सगळ्यांचं तेच. सलग दोन महिने वजनाचा काटा एका जागी, मग दोन किलो वर. सांगलीत राहून भडंग घरात ठेवायचं नाही म्हणजे नाशकात राहून द्राक्षं नकोत म्हटल्यासारखं आहे. तरी आता ठेवत नाही. तू दिवाळीला दोन किलो बांधून मागितलंस, ते मी दुकानातून थेट तुझ्या गाडीत का ठेवलं, ते यामुळं.

तुझ्या आईचं एक सांगायचं राहिलं. पहिले सहा महिने मला वाटायचं हिची भूक गेली. माझ्याबरोबर बसायची, दोन घास खायची, उठायची. एकदा दुपारी पाणी प्यायला म्हणून उठलो, तर ही स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून उभ्यानं वांग्याची भाजी-भाकरी खात होती. दिवा न लावता. मला त्रास नको म्हणून लपून जेवत होती. छत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही एवढे भांडलो नव्हतो. आता दोघं एकत्र बसतो. तिचं दहा मिनिटांत होतं, मला अर्धा तास लागतो. तेवढ्यात ती मेथी निवडते.

आता पाडव्याचं.

चिऊ जेवत होती. भात, वरण, अर्धी पुरी, थोडी बासुंदी. चार वर्षांच्या पोरीला ते पुष्कळ झालं. म्हणाली, "पोट भरलं." तू म्हणालास, "ताटात टाकायचं नाही. आजोबा बघतायत." तिनं माझ्याकडं पाहिलं आणि राहिलेला पुरीचा घास तोंडात घातला. पण गिळला नाही. गालात धरून बसली. मी बघत होतो, चांगली दहा मिनिटं तिचा उजवा गाल फुगलेला होता, डोळे भरलेले होते आणि जबडा हलत नव्हता. माझी उचकी अजून आली नव्हती, वाटीत अर्धं अन्न होतं. पण मला पुढचा घास जाईना. म्हणून उठलो.

तू माझंच वाक्य म्हणालास, राजू. शब्द माझे, आवाजही माझा.

ते वाक्य माझ्याकडं कुठून आलं तेही सांगतो. १९७२ च्या दुष्काळात मी सात-आठ वर्षांचा होतो. जतकडं आमचं गाव, तिथं माणसं तर सोड, बाभळीसुद्धा वाळल्या होत्या. आई-दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. खायला सुकडी मिळायची, ती आई पदरात बांधून आणायची आणि आम्हा चौघांत वाटायची. घरात भाकरी असलीच तर मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची, खाताना घशात टोचायची. त्या वर्षी ताटात काही उरलं असं झालंच नाही. पुढं सांगलीला आलो, यार्डात चिकटलो, पगार सुरू झाला, पण ताटात काही दिसलं की माझ्या पोटात कालवायचं. मुलांचं राहिलेलं मी संपवायचो, पाहुण्यांचं राहिलेलं मी संपवायचो. घराचं पेव मीच होतो.

आणि तू दुसरीत असताना दोडक्याच्या भाजीवर तुला रात्री साडेदहापर्यंत ताटावर बसवलं होतं. तुला आठवतं का माहीत नाही, मला आठवतं. तुझी आई दोनदा आली, मी तिला आत घालवलं. शेवटी तू डोळे मिटून ते गिळलंस आणि मी तुझ्या पाठीवर थाप दिली, शाब्बास म्हणालो. मला तेव्हा खरंच वाटलं, पोराला काहीतरी चांगलं शिकवलं.

तुझं पोट तेव्हा पुरे म्हणत होतं. मी त्याला गप्प केलं. मला माझ्या पोटाचं ऐकू यायला पाऊणएक पोट कापून काढावं लागलं. तुझं वजन आता शंभराच्या पुढं गेलंय, त्यावर मी काही बोलणार नाही, तू शहाणा आहेस. पण त्या रात्रीचं माझं चुकलं. हे तोंडानं म्हणायला मी गच्चीत गेलो होतो, तू मागून वर येशील म्हणून. आली तुझी आई, लिंबू घेऊन.

चिऊला कमी वाढत जा. हवं असेल तर मागेल परत. आणि राहिलं तर राहू दे, तुझ्या अंगणातल्या मांजराला घाल. मी इथं वाटीत राहिलेलं झाकून ठेवतो आणि दोन तासांनी खातो. पहिले काही दिवस अपराध्यासारखं वाटायचं, आता नाही वाटत.

पुढच्या महिन्यात धाकट्याला सहावा लागतो. उष्टावण पुण्यातच करायचं ठरलंय, तर वाटी-चमचा तुमच्याकडं हवा. दंतमंजन लावून घासून ठेवलंय. मी माझ्यासाठी स्टीलची लहान वाटी मिरजेहून आणली, दहा झाकणांचीच. मोजून घेतली. दुकानदार बघत होता, बघू दे.

येताना कॅल्शियमच्या गोळ्यांची दोन पाकिटं आण, मला चालतात त्या इथं मिळत नाहीत. चिठ्ठी सोबत जोडली आहे. सूनबाईंना आशीर्वाद, मुलांना गोड पापा.

तुझा,
बाबा

ता. क. वाटीच्या कडेचा पोचा सोनाराकडून काढून आणणार होतो, तुझ्या आईनं अडवलं. म्हणाली, तो राहू दे. उष्टावणाला मामा खीर भरवत होता, तीन चमचे तू खाल्लेस, चौथ्याला तोंड घट्ट मिटलंस आणि हातानं वाटी अशी भिरकावलीस की थेट उंबऱ्यावर आपटली. मी तेव्हा आचाऱ्याकडं होतो, मला हे आज कळलं.