शेपूशिवाय

कझान, 14 जून

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू तिकडे परीक्षेपायी मॅगीवर दिवस काढतोयस आणि मी जेवणाचं लिहायला बसलेय. पण फोनवर बाबा "बरं होतं" यापलीकडे काही सांगायचे नाहीत. इथे पहाटे तीनला उजाडतं, आजी तेव्हापासून चहासाठी उठून बसते, त्यामुळे मलाही लिहायला वेळच वेळ आहे.

काल ताईने आम्हाला रशियन जेवायला नेलं. बाबांनी बसल्या बसल्या "रशियन सॅलड" मागितलं. वाढणारी मुलगी नुसती बघत राहिली. इथे त्याला म्हणतात ऑलिव्हिये. 1860 च्या दशकात मॉस्कोच्या एका हॉटेलात ल्युसियें ऑलिव्हिये नावाच्या आचाऱ्याने ते पहिल्यांदा केलं, म्हणून हे नाव. आता घरोघरी नव्या वर्षाला करतात. बटाटा, गाजर, मटार, लोणच्यातली काकडी, अंडं, सॉसेज आणि मेयोनेझ. आपल्याकडे लग्नात त्यात अननस घालतात हे ताईने त्या मुलीला रशियनमध्ये सांगितलं. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.

आजीचं काय करायचं ही मला धास्ती होती. ताईने मेनूवरचं एक पान उघडलं : "पोस्त्नोये". पोस्त म्हणजे उपवास. ईस्टरच्या आधी इथले लोक सात आठवडे मांस, दूध, अंडी सोडतात, तसले पदार्थ. या हॉटेलात ते एरवीही मिळतात. आजीसाठी वारेनिकी आल्या, आत बटाटा आणि परतलेला कांदा. आजीने एक उलटून पाहिली, कडेची मुरड बघितली आणि म्हणाली, "अगं, करंज्या आहेत, तळायच्या सोडून उकडल्यात!" सहा खाल्ल्या. आमच्या पेल्मेनी, म्हणजे तशाच उकडलेल्या पण छोट्या, त्यांत मांस होतं. त्या शब्दाचा मूळ अर्थ कानाच्या आकाराची भाकरी. सैबेरियात हिवाळ्यात ढिगाने करून बाहेर बर्फातच ठेवून देतात म्हणे, फ्रीज नकोच. वर स्मेताना, म्हणजे आंबट घट्ट साय. मला ती नुसतीच खावीशी वाटत होती.

बाबांना सगळं अळणी लागत होतं. टेबलावर मोहरीची छोटी वाटी होती. ताई "बाबा, थोडी!" म्हणेपर्यंत त्यांनी चमचाभर तोंडात टाकली होती. नाकातून, डोळ्यांतून पाणी. इतकी वर्षं आपल्याला तिखटाच्या गप्पा ऐकवल्या, त्या काल वळत्या झाल्या. मग घटाघटा क्वास प्यायले. राय नावाच्या धान्याच्या पावाचं आंबवलेलं पेय ते. आजीने चव घेऊन "आंबीलच की" म्हणून निकाल दिला. त्यात नावापुरती दारू असते हे आम्ही तिला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

आता खरी गोष्ट. प्रत्येक ताटावर शेपू. सूपवर शेपू, बटाट्यावर शेपू, पेल्मेनीवर शेपू. तुला आठवतं ना, ताई शेपूच्या भाजीतून मुगाची डाळ तेवढी वेचून खायची आणि मी ओरडायचे? ती म्हणाली, इथे आल्यावर मी पहिल्या आठवड्यात जे शब्द शिकले त्यात "बेझ उक्रोपा" होतं. शेपूशिवाय. कँटीनमध्ये रोज तेच म्हणायची. काल तिने पाच जणांचं जेवण मागवलं, तिची मैत्रीण धरून, आणि एकदाही ते म्हणाली नाही. मी कान देऊन ऐकत होते. उलट बाबांनी बाजूला सारलेली काडी तिने बोलता बोलता उचलली आणि खाऊन टाकली. तिच्या लक्षातही आलं नाही. मी काही बोलले नाही. पाणी प्यायले.

आम्ही शनिवारी रात्री पोचतो. काळा पाव आणतेय, तो आठवडाभर टिकतो. रविवारी सकाळी मंडईतून शेपूच्या दोन जुड्या आणून ठेव, कोवळ्या बघून. आणि गॅलरीतल्या तुळशीला पाणी घाल.

तुझी,
आई