रात्रपाळीच्या सिस्टर, तुम्ही बाबांबरोबर खोकलात

प्रिय सिस्टर,

नाव मुद्दाम लिहीत नाही. वॉर्डातले बरोबर ओळखतील.

जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन म्हटलं की जो तो विचारतो, "गाठ निघाली ना?" गाठ निघाली. पण बाबांचं पूर्ण जठर काढून अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली होती आणि धास्ती त्या सांध्याची होती. अन्ननलिकेला आतड्यासारखं बाहेरचं आवरण नसतं, टाका तिथे तितका धरत नाही. त्यात पेशंट महिनोन्‌महिने धड जेवलेला नसेल, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन उतरलेलं असेल, तर जखम भरायला अंगात उरतं काय? म्हणूनच आधीच्या डॉक्टरांचा राग अजून जात नाही. साठीतला माणूस, वजन घटतंय, हिमोग्लोबिन 8, शौचाला काळं होतंय, आणि पाच महिने ॲसिडिटीच्या गोळ्या! दुर्बिणीची तपासणी एका सकाळचं काम होतं. गाठ वाढली ती वाढलीच, वर ऑपरेशनची जोखीमही वाढली.

तुम्ही पहिल्याच रात्री ड्रेनची, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर आणणाऱ्या नळीची, पिशवी ट्यूबलाइटखाली धरलीत. "आधी लालसर, मग पिवळसर पाणी येईल, ते ठीक. गढूळ किंवा हिरवं दिसलं तर मी कुठल्याही कामात असले तरी हाक मारा." हिरवं म्हणजे पित्त, ड्युओडेनमचं, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचं, शिवून बंद केलेलं टोक गळतंय. गढूळ असेल तर स्वादुपिंडाचा रसही असू शकतो, कारण त्याच्या काठानं लिम्फच्या गाठी खरवडून काढलेल्या असतात. मग त्या पाण्यातलं अमायलेज, म्हणजे त्या रसातलं पाचक द्रव्य, बघतात. (लॅबमध्ये ही टेस्ट रोज होते. पिशवी अशी उजेडात धरून कुणी दाखवली नव्हती.)

चौथ्या रात्री नाडी 92 वरून 118 वर गेली. ताप नाही, पोट मऊ. दुखत असेल, म्हणून सोडून देणं सोपं होतं. पण सांधा गळायला लागला की बऱ्याचदा ताप मागून येतो, नाडी आधी पळते. तुम्ही पहाटे तीनला सर्जनना उठवलंत. सीटीत सांधा शाबूत निघाला; डाव्या फुप्फुसाचा तळ मिटला होता. छेद वरच्या पोटावर, दुखतं म्हणून श्वास वरवरचा, कफ खाली साचलेला. न्यूमोनिया होतो तो असाच.

आणि मग ते खोकणं. चादरीची घट्ट घडी तुम्ही टाक्यांवर ठेवलीत, बाबांचे दोन्ही हात तिच्यावर. "दाबून धरा. चार मोठे श्वास, पाचव्याला खोका." टाके उसवतील या भीतीनं बाबा खोकेनात. तुम्ही शेजारची उशी उचललीत, स्वतःच्या पोटाशी धरलीत आणि जोरात खोकलात. पलीकडच्या कॉटवरचे आजोबा दचकून उठले. बाबांना हसू आलं, हसताना कळ आली आणि त्या कळीतच पहिला कफ सुटला. पुढे दर तासाला दहा वेळा स्पायरोमीटर, म्हणजे श्वास ओढून चेंडू वर उचलायचं ते खेळण्यासारखं यंत्र. तिसऱ्या दिवशी दुसरा चेंडू वर गेला. गुठळी होऊ नये म्हणून पोटावरचं इंजेक्शन, लवकर चालवणं, हे सगळीकडे होतं. पेशंटबरोबर खोकायला कुणाच्या ड्युटीत लिहिलेलं नसतं.

घरी आल्यावर भेटायला आलेल्या मंडळींनी शिरा भरवलाच. वीस मिनिटांत धडधड, घाम, जुलाब. जठर नाही, म्हणजे अडवून थोडं थोडं सोडणारं दारच नाही. साखर एकदम आतड्यात उतरते आणि पाणी ओढून घेते. दोनेक तासांनी पुन्हा हातपाय थरथरले, कारण तोवर इन्सुलिन जास्त सुटून साखर खाली गेलेली. तुम्ही हे आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे रात्री रिक्षा शोधत धावपळ झाली नाही. आता वाटीभर खाणं दिवसातून सात वेळा, पाणी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर.

बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन आता जन्मभर, कारण ते शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो. पुढचं घ्यायला येऊ तेव्हा तुमची पाळी कोणती ते विचारूनच पंचवटीतून निघू. बाबा निफाडची द्राक्षं आणणार आहेत, पेटीभर, तुमच्यासाठी. ते स्वतः चार मणी खातात, तेही जेवण झाल्यावर.

तुमच्या पेशंटची मुलगी