पूररेषा आखताना जुने पूर वगळू नयेत

माननीय संपादक,

चिपळूण आणि महाडला २२ जुलै २०२१ रोजी महापुराने वेढले, त्याच्या आठवडाभर आधी, १४ जुलैच्या रात्री, जर्मनीतील आर नदीच्या खोऱ्यात १३० हून अधिक माणसे बुडाली. नदीकाठच्या बांधकामांवर बंधने घालणाऱ्या निळ्या (पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) व लाल (शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) पूररेषांवरून आपल्याकडे जो वाद चालू असतो, त्यातील सर्व पक्षांनी त्या खोऱ्याची हकिगत नीट समजून घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

आयफेलच्या डोंगरात उगम पावणारी आर ही जेमतेम ८५ किलोमीटर लांबीची नदी झिंत्सिग गावाजवळ ऱ्हाईनला मिळते. अरुंद दरी, खडकाळ उभ्या उतारांवर द्राक्षमळे आणि काठावर आरवायलर हे तटबंदीचे जुने गाव. जिल्ह्याचे नावही तेच. तिथे चोवीस तासांत शंभर ते दीडशे मिलिमीटर पाऊस पडला. कोकणात जुलैमध्ये एवढ्या पावसाची कोणी फारशी दखलही घेणार नाही. पण आधीच भिजलेल्या जमिनीवरून ते सारे पाणी एकदम दरीत उतरले, आणि वाहून आलेली झाडे व मोटारी पुलांच्या कमानींत अडकून पुलांचेच बंधारे झाले.

हा पूर अभूतपूर्व असल्याचे तेव्हा सांगण्यात आले, आणि मला खरा आक्षेप घ्यायचा आहे तो या शब्दाला. याच नदीने १८०४ साली ६३ बळी घेतले होते आणि १९१० साली पन्नासहून अधिक. बॉन विद्यापीठातील भूगोलतज्ज्ञांनी जुन्या नोंदींवरून १८०४ चा प्रवाह सेकंदाला हजार घनमीटरच्या घरात असल्याचे २०२१ पूर्वीच मांडले होते. तरीही शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणून सरकारी हिशेबात धरला होता तो अवघा २४१ घनमीटरचा, कारण तो आकडा आल्टेनार येथील मोजणीकेंद्राच्या १९४० च्या दशकानंतरच्या नोंदींवर बेतलेला होता. लोकांनी त्याच आकड्यावरून आखलेल्या पूरनकाशांवर विश्वास ठेवून घरे बांधली.

इशाऱ्याचीही तीच गत झाली. वरच्या अंगाचे आल्टेनार संध्याकाळीच पाण्यात होते. जिल्हा प्रशासनाने सर्वोच्च धोक्याची घोषणा केली ती रात्री अकरानंतर. मुखाजवळच्या झिंत्सिगमध्ये पाणी मध्यरात्रीनंतर शिरले आणि तेथील अपंगांच्या निवासगृहातील १२ जण मरण पावले. मधले इतके तास हाताशी असताना त्यांना हलवले गेले नाही, हे वाचून मन सुन्न होते.

चिपळूणच्या वाशिष्ठी आणि महाडच्या सावित्री नदीच्या पूररेषा कोणत्या वर्षापासूनच्या नोंदींवर आखल्या आहेत, हे जलसंपदा विभागाने जाहीर करावे. नगरपालिका, तहसील कचेरी, रेल्वे व देवस्थानांच्या दप्तरांत जुन्या पुरांच्या नोंदी असतील, तर त्या मिळवून तज्ज्ञांकडून तपासून घ्याव्यात. तसे करताना लाल रेषा आणखी वर सरकली आणि बांधकामांची अडचण वाढली, तरी ती आम्ही नागरिकांनी सोसली पाहिजे. तसेच कोळकेवाडी धरणाचा विसर्ग आणि वरच्या गावांतील पाण्याची पातळी पावसाळाभर रात्रीही चिपळूणकरांच्या मोबाइलवर थेट पोहोचेल, अशी व्यवस्था येत्या पावसाळ्यापूर्वी करावी.

— एक वाचक, चिपळूण