लॉनचा हट्ट सोडा, धापा लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला की बडोद्यातल्या सोसायट्या टँकर मागवू लागतात आणि त्यातलेच पाणी संध्याकाळी लॉनवर सोडतात. मे महिन्यात लॉनला चौरस मीटरमागे रोज पाच-सहा लिटर पाणी लागते. शंभर चौरस मीटरच्या हिरवळीचे रोजचे पाचशे-सहाशे लिटर झाले. बोअर खारट असेल तर एवढे ओतूनही गवत टोकांकडून करपतेच. अशा जागी आपल्याच किनाऱ्यावरचे, जमिनीवर पसरणारे धापा नावाचे झाड लावावे, असे कळकळीने सुचवावेसे वाटते. नर्सरीत तो ‘सेसुवियम’ म्हणून मागावा.

खाडीकाठच्या खारट जमिनीवर हा आपसूक पसरतो. पाने मांसल, बोटाच्या पेराएवढी किंवा थोडी लांब. पानाच्या बेचक्यात गुलाबी-जांभळे, पाच पाकळ्यांचे फूल दिवसा उमलते. मुळांवाटे आलेले मीठ तो पानांच्या पेशींत साठवतो आणि त्याच्या जोरावर पाणी धरून ठेवतो. म्हणून आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी त्याला चालते. गोड्या पाण्यावरही तो वाढतो, पण मग पेरे लांबतात आणि पाने पातळ राहतात. खारट पाणी आणि कडक ऊन मिळाले की पाने जाड, देठ लालसर आणि वाढ दाट होते.

लावायला बी नको, काडी पुरते. चार-सहा इंचांची, तीन-चार पेऱ्यांची काडी घ्यावी, खालची पाने काढावीत आणि काप अर्धा दिवस सावलीत सुकू द्यावा. मग दोन पेरे मातीत जातील अशी आडवी-तिरपी खोचावी. दर फुटाला एक धरली तर शंभर चौरस फुटांना शंभर काड्या होतात. दोन भाग माती, दोन भाग नदीची वाळू, एक भाग कुजलेले कंपोस्ट. सहा इंचांचा थर पुष्कळ झाला. पहिले दोन आठवडे माती ओलसर ठेवावी, त्यासाठी मात्र साधेच पाणी वापरावे. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेऱ्यातून पांढरी मुळे फुटतात. ती धरली की उन्हाळ्यात आठवड्याला एक-दोनदा पाणी पुरते. एखादा आठवडा चुकला तरी झाड मरत नाही, पाने सुरकुततात आणि पाणी मिळताच पुन्हा भरतात. तीन-चार महिन्यांत जमीन झाकली जाते.

फसते ते बहुतेक वेळा जमिनीच्या तयारीत. लव्हाळा आणि हरळी आधी खणून, गाठी-मुळांसकट काढली नाही तर ती धाप्यातून वर येतात. तेव्हा उपटायला गेलात तर धाप्याच्या ठिसूळ फांद्याच हातात येतात. लागवडीआधी वाफा दोनदा भिजवावा, जे उगवेल ते काढावे, मगच काड्या लावाव्यात. आपल्या काळ्या चिकण मातीत ऐन पावसात लावलेल्या बिनमुळाच्या काड्या कुजतात. एकदा रुजल्यावर हेच झाड ओल सहज सोसते. म्हणून फेब्रुवारी-मार्च किंवा पाऊस ओसरल्यावरचा काळ साधावा. सावलीत लावूच नये. दिवसाला सहा तास ऊन नसेल तर नुसत्या लांब, उघड्या फांद्या होतात. शेणखत किंवा युरिया जास्त झाला तरी तीच गत.

वर्ष-दोन वर्षांनी मधला भाग विरळ होतो. पावसाळ्यानंतर दोन-तीन इंच ठेवून छाटणी करावी आणि छाटलेल्या काड्या मोकळ्या जागी खोचाव्यात. पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. कुंडीत सतत खारट पाणी घातले तर मातीवर पांढरा थर धरतो. महिन्यातून एकदा साधे पाणी खालून वाहून जाईपर्यंत द्यावे.

एक मर्यादा आधीच सांगितलेली बरी: यावर चालता येत नाही, पाने लगेच चिरडतात. मुलांना खेळायला हिरवळ हवी असेल तर तेवढा तुकडा गवताचा ठेवावा. बाकी कडेच्या पट्ट्या, गच्चीचे कठडे, उतार आणि रस्त्यांचे दुभाजक धाप्याला द्यावेत. दुभाजकासाठी काही जण मर्यादवेल सुचवतात. तीही किनाऱ्यावरचीच, पण तिचे वेल सरळ रस्त्यावर धावतात.

पाने खाता येतात आणि मुळातच खारट असतात. उकळून पाणी टाकून द्यावे, मग अळूसारखी डाळ-दाणे घालून भाजी करावी, वरून मीठ नको. ऑक्झलेट आणि सोडियम दोन्ही असल्याने मूतखडा किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी टाळावी. दुभाजकावरची तर कोणीच खाऊ नये. हे झाड मातीतले शिसे, कॅडमियमसारखे जड धातूही शोषून घेते.

महापालिकेच्या उद्यान विभागाला विनंती आहे की यंदा पाऊस ओसरल्यावर एखाद्या भर उन्हातल्या दुभाजकाचा शंभर मीटरचा तुकडा धाप्यासाठी राखावा, शेजारी तेवढेच लॉन ठेवावे आणि दोन्हींना लागलेले पाणी पुढच्या जूनपर्यंत मोजून जाहीर करावे.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे